वाळू बघायला

"तिथे नक्की बघायचं काय?" आईने विचारलं.

"वाळू."

"त्यासाठी बाराशे किलोमीटर? समोरच्या बांधकामावर ट्रकभर पडलीये."

माझा बेत साधा होता. पुण्याहून गाडीने जैसलमेर, तिथून चाळीसेक किलोमीटरवर समच्या वाळूच्या टेकड्या, एक रात्र तंबूत, की परत. डिसेंबरअखेर सगळी मराठी माणसं तिकडेच असतात, म्हणून जानेवारी धरला. बडोदा, सांचोर, बाडमेर असा रस्ता आखला, तक्ता केला आणि घरच्या ग्रुपवर टाकला. तिथेच चुकलं.

बाबांची पहिली दुरुस्ती : पहाटे चारला निघायचं. बाबा १९८८ पासून प्रत्येक प्रवासाला पहाटे चारला निघायचं ठरवतात आणि पावणेआठला आंघोळीचं पाणी तापलं का विचारतात. शिवाय तिकडे जाऊन लोंगेवाला न बघणं म्हणजे १९७१च्या जवानांचा अपमान. लोंगेवाला ठरल्यावर आईने तनोटमाता धरली. ते देऊळ जैसलमेरपासून सव्वाशे किलोमीटर, तिथे पाकिस्तानचे न फुटलेले तोफगोळे मांडून ठेवलेत. आता एका देवीला भेटायचं आणि दुसरीच्या दारावरून तसंच पुढे जायचं, हे बरं दिसत नाही. म्हणून पालनपूरहून अंबाजी. आणि बडोद्याला मुक्काम आहेच, तर पावागढ. बायकोने देव मागितला नाही, बाडमेरला अजरख छपाईच्या कापडासाठी फक्त 'अर्धा तास' मागितला. हा अर्धा तास मी लक्ष्मी रोडवर पाहिलेला आहे.

रात्री बसून हिशेब केला. पाच दिवसांची सहल नऊ दिवसांची झाली होती आणि त्यात वाळूच्या वाट्याला दीड तास आला होता. साडेचारला पोचायचं, सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, मग आईला थंडी वाजणार. (वाजतेच. जानेवारीत तिथे रात्री पारा दहाच्या खाली जातो. हे मी ग्रुपवर लिहिलं आणि सामानात दोन रजया वाढल्या.)

खाण्याचं तर विचारूच नका. दशम्या, मेतकूट, लिंबाचं लोणचं, संक्रांत जवळ म्हणून तिळगुळाचे दोन डबे. मी म्हटलं, "अगं, तिकडे केर-सांगरीची भाजी फार छान मिळते."

"केर मी रोज काढते. खायला नको," आई म्हणाली आणि तिसरा डबा भरायला घेतला.

उरला मेव्हणा. त्याने लोणावळ्यापलीकडे कधी गाडी नेलेली नाही, पण व्हिडिओ पाहून पाहून वाळवंट कोळून प्यायलेला. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच, फक्त याने उंटही पाहिलेला नाही.

"जिजू, हवा उतरवायची. तेहतीसवरून अठरावर. टायर पसरतो, गाडी रुतत नाही. उंटाचा तळवा पसरतो ना, तसंच."

"आपली सात सीटर आहे. ओढतात फक्त पुढची चाकं."

"म्हणूनच सराव हवा."

रविवारी सकाळी सराव झाला. कुठे, ते तुमच्या लक्षात आलंच असेल. मेव्हण्याने चारही टायरची हवा उतरवली, गाडी समोरच्या ढिगावर घातली आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबला. पुढची चाकं फिरली, फिरली आणि पार आसापर्यंत आत गेली.

वॉचमन फावडं घेऊन शांतपणे आला. "साहेब, ही वाळू नाही. क्रश सँड आहे."

अर्धा तास उकरून गाडी बाहेर आली. आता हवा भरायची. मेव्हण्याने नवा कंप्रेसर लायटरच्या खोबणीत लावला. पहिला टायर भरला, दुसरा निम्मा भरला आणि फ्यूज उडाला. पंक्चरवाल्याचं दुकान रविवारी बंद. गाडी गल्लीच्या मधोमध, मागे दुधाचा टेम्पो हॉर्न मारतोय, आणि मी कोपरापर्यंत क्रश सँडमध्ये.

गॅलरीतून आईचा आवाज आला.

"पोचलात का रे? दशम्या आणू खाली?"