इझाबेलवरच्या प्रतिक्रियेला उत्तर

दादा, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. इझाबेल एबरहार्ट या अल्जीरियात भटकलेल्या लेखिकेवरच्या माझ्या लेखावर तुमचे आक्षेप दोन. फ्रेंच सेनापती ल्योतेंशी जिचं सख्य, ती अन्यायाविरुद्ध उभी राहिली असं कसं म्हणायचं? आणि शाहू महाराजांच्या कोल्हापुरात बसून जिनिव्हाच्या एका हौशी, भटक्या बाईचं कौतुक कशाला?

ल्योतेंबद्दल तुमचं बरोबर आहे. शेवटी शेवटी ती त्यांच्या वर्तुळात वावरली आणि मी ते एका ओळीत उरकलं.

पण जानेवारी १९०१ विसरू नका. पुरुषी वेषात, सी महमूद या नावाने सहारात फिरणाऱ्या या बाईवर बेहिमा गावात एकाने तलवार चालवली. डोक्यावर ताणलेल्या तारेमुळे घाव हुकला, डावा हात मात्र तुटायचाच बाकी होता. कोर्टाने त्याला जन्मभराची सक्तमजुरी दिली आणि फ्रेंच सरकारने हिलाच त्यांच्या ताब्यातल्या अल्जीरियातून हाकललं. तरी त्याच्या बायकापोरांचा विचार करून तिने त्याच्यासाठी रदबदली केली. शिक्षा दहा वर्षांवर आली. याला हौस म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पुढे तिने एक गोष्ट लिहिली. सरकार जमीन काढून घेतं, हातावर किरकोळ पैसे टेकवतं आणि शेतकरी स्वतःच्याच रानात गोऱ्या मालकाचा रोजगारी होतो. शेवटी तो मालकाचं पीक पेटवून देतो. आपल्याकडच्या कुणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही. शाहू महाराजांनी १९०२ साली निम्म्या जागा मागासवर्गीयांसाठी राखल्या, कारण हुकूम काढायचा अधिकार त्यांच्या हाती होता. तिच्या हाती फक्त टाक होता. म्हणून ही तुलनाच मला पटत नाही.

२१ ऑक्टोबर १९०४ ला अल्जीरियातल्या ऐन सफ्रा गावचा कोरडा ओढा एकाएकी फुगला, मातीचं घर तिच्यावर कोसळलं. ती सत्तावीस वर्षांची होती. तिची हस्तलिखितं चिखलातून शोधून काढली ती ल्योतेंच्याच सैनिकांनी. २०१९ च्या पुरानंतर कुंभार गल्लीत आईच्या वह्या आम्ही गच्चीवर वाळवल्या होत्या. चिकटलेल्या पानांमधून सुरीचं पातं हलकेच फिरवायचं, तरी अर्धी अक्षरं निळा डाग होऊनच बाहेर यायची. इझाबेलच्या कागदांवर तर पुढे संपादक बारुकाँने स्वतःची वाक्यंही चढवली. त्यामुळे ल्योतेंच्या काळातलं तिचं मत ठरवताना तुम्ही आणि मी, दोघांनीही जपून बोलायला हवं.

ल्योतेंवरचा परिच्छेद आज रात्री वाढवून लिहितो. वाचून सांगा.