तिसरी ओळ अजून रिकामीच आहे

गाणे लिहिणाऱ्या नोकरदार माणसाला दिवसाकाठी जेमतेम दोन तास मिळतात आणि ते दोन्ही तास गिटारच्या टोनने, म्हणजे तिच्या आवाजाच्या पोताने, गिळावेत, याचा मला आता मनापासून संताप येऊ लागला आहे. ऐन पावसाळ्यात सुचलेल्या एका गाण्याचा मुखडा तयार आहे, अंतऱ्याच्या दोन ओळीही तयार आहेत. तिसरी ओळ मात्र सहा आठवडे अडून बसली आहे, आणि त्याच सहा आठवड्यांत त्या गाण्याच्या ऱ्हिदम गिटारच्या एकोणीस फाइली संगणकात साचल्या आहेत.

दर वेळी हेच घडते. ओळ गुणगुणत गिटार घ्यावी, गिटारचा आवाज संगणकात नेणाऱ्या इंटरफेसला केबल जोडावी, तर पहिल्याच कॉर्डला कानाला काहीतरी चिरके लागते. मग संगणकात ॲम्पची नक्कल करणारे प्लगइन उघडून गेन, म्हणजे आवाज फाटवणारा जोर, उतरवा, कॅबिनेटचा आयआर, म्हणजे स्पीकरच्या पेटीच्या आवाजाची नोंदवलेली छाप, बदला, पडद्यावरचा मायक्रोफोन स्पीकरच्या मध्यापासून बोटभर कडेला सरकवा, पुन्हा वाजवा, पुन्हा ऐका. अर्ध्या तासाने टोन बरा लागतो, पण तोवर ओठांवरची ओळ विरून गेलेली असते आणि ती पुन्हा येत नाही.

एवढे करून तो टोन मिक्समध्ये, म्हणजे सगळी वाद्ये आणि गळा एकत्र जुळवताना, टिकला असता, तरी मी गप्प बसलो असतो. पण एकटी ऐकताना भरदार वाटणारी गिटार इतर वाद्यांत मिसळली की २०० ते ४०० हर्ट्झच्या पट्ट्यात बेसशी भिडून नुसता चिखल करते; आणि २ ते ४ किलोहर्ट्झमध्ये कौतुकाने आणलेली धार नेमकी गाणाऱ्याच्या व्यंजनांवर जाऊन बसते, म्हणजे ज्या शब्दांसाठी हा सगळा खटाटोप, तेच ऐकू येईनासे होतात. मग १०० हर्ट्झच्या खालचे कापून टाका, गेन निम्म्यावर आणा, तोच भाग दोनदा वाजवून एक डावीकडे आणि एक उजवीकडे ठेवा. अशी छाटलेली गिटार एकटी ऐकली तर किरकोळ वाटते, पण गाण्यात चपखल बसते. याचा अर्थ सरळ आहे: गाणे पुरे झाल्याशिवाय टोन ठरवताच येत नाही. तरीही जो तो ‘आधी टोन नीट करा, मग मिक्स आपोआप होते’ असेच बजावतो. अंतराच लिहिलेला नसताना टोन कोणत्या मापाने नीट करायचा, हे यांपैकी एकानेही आजवर सांगितलेले नाही. एका दुकानदाराने तर माझी अडचण पुरती ऐकूनही न घेता तारांची कंपने टिपणारे नवे पिकअप गळ्यात मारले.

त्यात ही खोली. दहा फुटांच्या उघड्या भिंतींमध्ये ५६ हर्ट्झच्या आसपासचा खर्ज भिंतीपाशी घुमतो आणि खोलीच्या मधोमध जवळजवळ नाहीसा होतो. रात्री शेजाऱ्यांसाठी आवाज हळू ठेवावा लागतो, हळू आवाजात कानाला खर्ज कमीच जाणवतो, म्हणून तो वाढवला जातो. आणि सकाळी तेच गाणे मोठ्याने लावले की घर दणाणते.

पूर्वी भावगीतांच्या कॅसेटवर कवी, संगीतकार, संयोजक आणि ध्वनिमुद्रक यांची नावे वेगवेगळी छापलेली असत, कारण ती चार माणसांची चार कामे होती. ती सगळी आज एकाच्या डोक्यावर आहेत आणि त्याला स्वातंत्र्य म्हटले जाते! घरात एकट्याने ध्वनिमुद्रण करणे नवे नाही. १९७९ साली टिॲकचे पोर्टास्टुडिओ १४४ हे ध्वनिमुद्रण यंत्र आले, त्यात कॅसेटवर चार ट्रॅक होते. ते भरले की निर्णय घ्यावाच लागे. आता गिटार कोरडीच, म्हणजे ॲम्पचा संस्कार न करता, नोंदवली जाते आणि तिचा टोन वर्षभराने, दोन वर्षांनीही बदलता येतो. या सोयीने माझी किती गाणी अर्ध्यावर ठेवली आहेत, ते मी काल मोजले. अकरा. त्या अकरांपैकी एकाही गाण्याची गिटार वाईट वाजत नाही, आणि एकालाही दुसरा अंतरा नाही.

काल रात्री मी ते प्लगइन काढून टाकले, गिटार केबलशिवाय मांडीवर घेतली आणि फोनचा रेकॉर्डर सुरू केला. तारा खरखरत होत्या, पंख्याचा आवाज येत होता. तिसरी ओळ आली नाही, पण तिचे यमक आले.