फाईल आहे मरे!

जुनी फाईल उघडणे हे पाच मिनिटांचे काम आहे असे ज्या कोणाला वाटत असेल, त्याने कृपया आमच्या गोव्यातल्या गावच्या उत्सव समितीच्या अध्यक्षांशेजारी जाऊन बसावे. तिथे त्याला समविचारी संगत मिळेल.

यंदाच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेत आजवरच्या जत्रांमधील नाटकांची यादी पुन्हा छापायची आहे. कोणत्या वर्षी कोणते नाटक झाले, संवादिनीवर कोण होते, स्त्रीभूमिका कोणी वठवली, इथपर्यंतचा सारा तपशील रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत आहे आणि तिची छापील प्रत समितीच्या कपाटात आहे. तीवरून कोणाकडून तरी रीतसर टंकलेखन करून घ्यावे, एवढेच मी बैठकीत सुचवले. त्यावर अध्यक्ष म्हणाले (आमच्याकडचे 'मरे' म्हणजे तुमचे 'ना'), "पैसे कशाला घालवायचे? फाईल आहे मरे! नुसती उघडायची आणि कॉपी करायची." लगेच एक सीडी माझ्या हातात आली. सीडी वाचणारे यंत्र आता गावात कोणाकडे उरले आहे, याची चौकशी करण्याचे कामही अर्थातच माझ्याकडेच आले.

फाईलच्या नावाच्या शेवटी 'डॉक' पाहून मी हुरळलो होतो, हे मान्य करतो. पण वर्ड ९५ आणि वर्ड ९७ या दोहोंच्या फायलींना हेच शेपूट असते आणि आतली रचना मात्र निराळी असते; आमची जुन्या रचनेची निघाली. माझ्या संगणकावरच्या प्रोग्रामने फाईलकडे पाहिले न पाहिले तोच बजावले की, हा प्रकार उघडण्यास तुमच्या सेटिंगमध्ये मनाई आहे. माझ्या सेटिंगमध्ये! ज्या खिडकीत मी जन्मात कधी डोकावलो नाही, तिथे माझ्या नावाने मनाईहुकूम निघालेला आहे. जुने प्रकार वाचणाऱ्या कोडमधल्या त्रुटींचा फायदा घेऊन घातक फायली रचता येतात, म्हणून ते मुळातच अडवून ठेवतात, हे मला कळते. तरीही गेल्या शतकात कोणी आमच्या संगीत नाटकांच्या यादीत विषाणू पेरून पंचवीस वर्षे दबा धरून बसला असेल, ही शंका मला त्या प्रोग्रामइतकी गंभीरपणे घेता येत नाही.

शेवटी लिबरऑफिस या दुसऱ्या, मोफत प्रोग्रामने ती फाईल निमूटपणे उघडली, आणि आत एकही देवनागरी अक्षर नव्हते. पानभर टोप्या घातलेली इंग्रजी अक्षरे, पौंडाची चिन्हे, उलटी प्रश्नचिन्हे आणि मधूनच एखादा स्वल्पविराम, तोही बहुधा कुठला तरी उकार असावा. युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतःचा ठरावीक क्रमांक देणाऱ्या पद्धतीत, देवनागरीला १९९१ पासून जागा होती, तरी सर्वांचे काम चालायचे ते इंग्रजी अक्षरांच्या घरांत मराठी आकार कोंबलेल्या फाँटांवर. प्रत्येक कंपनीची मांडणी वेगळी, आणि काहींच्या पॅकेजांना संगणकाच्या पाठीमागे लावायचे कुलूप असे, ज्याशिवाय ते चालत नसे; तेही पैसे मोजून घ्यायचे. ज्या डीटीपीवाल्याने ही फाईल केली त्याचे दुकान बंद झाले, त्याच्याबरोबर कुलूप गेले आणि फाँटही गेला.

मग फाँट बदलून देणारी एक मोफत सोय हाताशी घेतली. तिने 'कार्यकारिणी'चे 'कायर्कािरणी' केले, 'कीर्तन'चे 'कीतर्न' केले आणि 'मार्दोळ'चे 'मादोर्ळ' केले. त्या फाँटांत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टाईप होते आणि रफार अक्षराच्या नंतर, एवढी साधी गोष्ट ज्याला ठाऊक नाही त्याने फाँट बदलण्याचा उद्योग मांडावाच का? सगळ्या पानभर रफार चतुर्थीला गणपतीच्या डोक्यावर बांधतात त्या माटोळीला टांगलेल्या काकड्यांसारखे भलत्याच जागी लोंबत होते. शिवाय जाहिरातींतला इंग्रजी मजकूरही तिने तितक्याच निष्ठेने मराठीत नेल्यामुळे, भातगिरणीच्या पत्त्याचे जे झाले आहे ते कोणत्याही भाषेत उच्चारता येणार नाही.

भारतातला पहिला छापखाना १५५६ साली आमच्या गोव्यात आला. १६१६ साली राशोलला फादर स्टीफन्स यांचे मराठी क्रिस्तपुराण रोमन अक्षरांत छापले गेले आणि ते आजही वाचता येते. चारशे वर्षांनंतर माझ्यासमोरही रोमन अक्षरांतले मराठीच आहे, फक्त ते कोणाच्या बापाला वाचता येत नाही.

हे खोटे आहे, कारण मध्यरात्रीच्या सुमारास मला ते वाचता येऊ लागले. कोणती टोपी म्हणजे 'त' आणि कोणते चिन्ह म्हणजे काना, हे डोळ्यांना उमजले आणि मी १९८०च्या दशकातले एक संपूर्ण पात्रपरिचयपत्रक मोठ्याने म्हणून दाखवले. घरच्यांनी दिवा लावून पाहिले आणि काही न बोलता दार ओढून घेतले. ही विद्या ज्याच्याकडे आहे असा मी बहुधा तालुक्यात एकटाच असेन, आणि तिचा उपयोग शून्य आहे.

विषय निघालाच आहे म्हणून सांगतो, त्याच सीडीवर पेजमेकर या पानांची मांडणी करणाऱ्या प्रोग्रामच्याही फायली आहेत. पेजमेकर २००१ साली सातव्या आवृत्तीवर संपले, त्याच्या जागी आलेल्या इनडिझाईनने सीएस६ या आवृत्तीपर्यंत त्या फायली उघडून दिल्या आणि पुढे तेही बंद केले. जी मंडळी संगणकाच्या पडद्याचा मोबाईलवर तिरका फोटो काढून "मजकूर पाठवला आहे" असे कळवतात, आणि जी फायलीला 'फायनल नवीन खरे फायनल' असे नाव देतात, त्यांच्याविषयी मी आज बोलत नाही, कारण माझा रक्तदाब मला प्यारा आहे.

यादी मी आता छापील प्रतीवरूनच टाईप करतो आहे. कपाटातल्या दमटपणाने ती पिवळी पडली आहे, कडा वाळवीने कुरतडल्या आहेत, पण तिने अजून मला कोणत्याही सेटिंगचे कारण दिलेले नाही. अध्यक्षांना हे सांगितले तेव्हा त्यांनी विचारले, "मग फाईलला काय झाले?"

नव्या स्मरणिकेचे काम घेतलेला डीटीपीवाला परवा भेटला. मी युनिकोडचा आग्रह धरला, तर तो म्हणाला की जोडाक्षरे जुन्याच फाँटमध्ये देखणी येतात आणि छापखान्यालाही तेच लागते. मग निदान सगळा मजकूर युनिकोडमध्ये वेगळा द्या, अशी विनंती केली. त्याने त्याचे पैसे वेगळे सांगितले.