दहाचा ठिपका

माझी लेक १० मीटर एअर रायफल खेळते. त्या खेळात दहाचा ठिपका, म्हणजे दहा गुण देणारा लक्ष्याच्या मधोमधचा ठिपका, ०.५ मिलिमीटरचा असतो. तिच्या बापाने फोमचं काय केलं ते वाचताना एवढं ध्यानात असू द्या.

बालेवाडीच्या स्पर्धेसाठी कडक प्लास्टिकची पेटी घेतली. आत काळ्या फोमचे दोन कोरे थर. खालचा तसाच ठेवायचा, वरच्यात रायफलच्या आकाराचं आरपार भोक पाडायचं. "पप्पा, दुकानवाले कापून देतात," लेक म्हणाली. देतात, पण फुकट देत नाहीत. आणि भोक पाडायला पैसे द्यायचे?

रायफल पेपरवर आडवी ठेवून आकार काढला, कापला, फोमवर ठेवून खडूने गिरवला. आई ओट्यावरून आत आली. "हाई काय शे रे?" तिचं बरोबर होतं. काळ्यावर पांढरी आकृती, थेट पंचनामा. शेजारचे काका दारातच थबकले आणि हळू आवाजात म्हणाले, "कुठे झालं?"

रेघेच्या दोन-तीन मिलिमीटर आतून कापायचं, म्हणजे फोम रायफलला घट्ट धरतो, एवढं ज्ञान मजजवळ होतं. हत्यार नव्हतं. कटर लावला की फोम दबतो. वर रेघ सरळ दिसते, खाली कड तापीसारखी वळणं घेते. मग सुरी गॅसवर तापवली. फोम कापला गेला नाही, वितळला, आणि असा वास सुटला की बायको मागच्या अंगणात धावली. तिथे पऱ्हाट्यांवर भरताची वांगी भाजायला ठेवली होती. वांगी बिचारी ठीक होती. परत येऊन तिने मुकाट्याने पावाची दातेरी सुरी पुढे केली. "आता ही तुमचीच. स्वयंपाकघरात आणू नका."

दातेरी सुरीने मात्र लोण्यासारखं कापलं. न दाबता, लांब लांब हात मारायचा. बटच्या, म्हणजे खांद्याला टेकवायच्या टोकाच्या, हुकाशी हात जरा जास्तच लांब गेला, ते सोडा.

रायफल ठेवली. बसेना. उलटी केली तर बसली, पण छर्रा भरायचा लिव्हर खाली चेंगरला. पेपरचा आकार मी पालथा ठेवून गिरवला होता.

घरात कुणाला न सांगता गादीवाल्याकडे गेलो.

"सोफ्याला की दिवाणाला?"

"रायफलला."

त्याने कात्री खाली ठेवली.

"छऱ्याची हो! पोरगी खेळते."

"मग आधी सांगा ना भाऊ," म्हणत त्याने कात्री उचलली. साडेआठशे रुपये.

घरी आलो तर लेक पेटीपाशी बसलेली. तिने वरचा थर उचलला, तव्यावरची भाकरी उलटावी तसा उलटा केला, रायफल ठेवली. लिव्हर वर. चपखल. मग हुकाशी उरलेल्या फटीला पट्टी लावली.

"पप्पा, अर्धा इंच."

मी नवा फोम पाठीमागे धरून उभा होतो. तो आईने काढून घेतला, पूजेला बसायला. कापून निघालेला रायफलच्या आकाराचा तुकडाही तिनेच नेला. रात्री तो पायाखाली घेऊन झोपते. "गुडघाले बरं शे," म्हणते.