जुन्या सीडी प्लेअरची ऊब: एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

सप्रेम नमस्कार.

घरी गाणे ऐकण्यासाठी जुनी यंत्रे घ्यावीत की नवी, या माझ्या लेखावरची आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली. लेखात मी असे म्हटले होते की अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर जुने घ्यायला हरकत नाही, परंतु आकड्यांचा ध्वनी करणारा भाग, म्हणजे डॅक, नवाच असावा. त्यावर आपले तीन आक्षेप आहेत: मी कानांऐवजी आकड्यांवर विसंबतो; फिलिप्सची टीडीए १५४१ ही डॅक-चिप असलेल्या आपल्या प्लेअरमध्ये जी ऊब आहे ती आजच्या एकाही डॅकमध्ये आढळत नाही; आणि पहिल्या पिढीतील सगळे सीडी प्लेअर १६ बिटांचे होते हे माझे विधान चुकीचे आहे. तिसऱ्या आक्षेपापासून सुरुवात करतो, कारण तेथे मला बचाव नाही.

१९८२ साली बाजारात आलेला सोनीचा सीडीपी-१०१ हा १६ बिटांचा होता, पण फिलिप्सच्या सुरुवातीच्या प्लेअरांत १४ बिटांची चिप होती. तबकडीवर ध्वनीची सेकंदाला ४४,१०० मोजमापे, म्हणजे नमुने, असतात, आणि बिटांची संख्या म्हणजे प्रत्येक नमुन्याची अचूकता. फिलिप्सच्या अभियंत्यांनी त्यांची संख्या चौपट केली आणि अचूकतेतील उणिवेतून येणारा गोंगाट ऐकू येणाऱ्या पट्ट्याबाहेर ढकलून १४ बिटांच्या चिपकडून जवळजवळ १६ बिटांचे काम करून घेतले. मी सरसकट विधान करून मोकळा झालो होतो. मूळ लेखात दुरुस्ती केली आहे.

मात्र ही दुरुस्ती करताना एक गोष्ट नव्याने जाणवली. सोनीच्या त्या प्लेअरमध्ये डाव्या आणि उजव्या बाजूसाठी मिळून एकच रूपांतरक होता, त्यामुळे एक बाजू दुसरीच्या सुमारे ११ मायक्रोसेकंद मागे राही. एवढ्या वेळात ध्वनी हवेतून चार मिलिमीटरही पुढे जात नाही. खुर्चीत मान किंचित वळवली तरी याहून मोठा फरक पडतो. तडजोड निरुपद्रवी होती, पण ती तडजोडच होती. ज्या यंत्रांना आज आपण गोडव्याचे श्रेय देतो, ती गोडव्यासाठी बनवलेलीच नव्हती. आजच्या डॅककडून जी अचूकता अपेक्षित असते तीच त्यांच्या निर्मात्यांना हवी होती, आणि हाताशी असलेल्या साधनांनी ती गाठताना त्यांची दमछाक होत होती.

आता ऊब. आपण प्रतिक्रियेच्या शेवटी जाता जाता लिहिले आहे की प्लेअर दुरुस्त करून घेताना त्यातील नमुने वाढवणारी चिप काढून टाकली आणि तेव्हापासून आवाज "कागदावरून कातड्यावर आल्यासारखा" वाटतो. उपमा सुरेख आहे. सगळ्या वादाची किल्लीही मला त्याच वाक्यात सापडली. ती चिप काढल्यावर प्रत्येक नमुना पुढचा येईपर्यंत तसाच धरून ठेवला जातो, आणि अशा पायऱ्यापायऱ्यांच्या रूपांतरात वरच्या स्वरांना उतार लागतो, जो चिपच्या दर्जावर नव्हे तर निव्वळ गणितावर अवलंबून असतो: १० किलोहर्ट्झला सुमारे पाऊण डेसिबल आणि २० किलोहर्ट्झला तीन डेसिबलहून थोडा अधिक. झांजेची किणकिण, गायिकेच्या "स"मधला फूत्कार, तंबोऱ्याच्या जवारीचा सर्वांत वरचा झगझगाट हे सारे किंचित मागे सरते आणि मधला भाग पुढे आल्याचा भास होतो. त्याच वेळी मूळ ध्वनीत नसलेली प्रतिबिंबेही निर्माण होतात; १० किलोहर्ट्झच्या स्वराचे प्रतिबिंब ३४.१ किलोहर्ट्झला पडते. ते कानाला ऐकू येत नाही, पण अ‍ॅम्प्लिफायरला ते निमूटपणे वाहून न्यावे लागते.

म्हणजे आपल्याला ऐकू येणारी ऊब हा भ्रम आहे असे मी म्हणत नाही. ती आहे, आणि तिला माप आहे. माझे म्हणणे एवढेच की ती टीडीए १५४१ची देणगी नसून काढून टाकलेल्या चिपची उणीव आहे. ती आवडत असेल तर कोणत्याही नव्या डॅकआधी इक्वलायझरमध्ये तेवढाच उतार देता येतो, आणि नको असेल त्या दिवशी काढूनही टाकता येतो. (हा उपाय सांगितला की जुन्या यंत्रांचे रसिक दुखावतात, हे मी पाहिले आहे. चिप उपटून केलेला बदल त्यांना शुद्ध वाटतो आणि बटण फिरवून केलेला तोच बदल भेसळ वाटतो. मला यातला तर्क अजून उमगलेला नाही.)

दुसरा मुद्दा तबकडीचा आहे, आणि तेथे आपले कान माझ्या लेखापेक्षा शहाणे ठरले असण्याची शक्यता आहे. आपण प्लेअरवर ऐंशीच्या दशकातील तबकडी ऐकली आणि नव्या डॅकवर तोच संग्रह स्ट्रीमिंगमधून ऐकला. ही दोन यंत्रांची तुलना झाली नाही. नव्या आवृत्त्यांमध्ये अनेकदा आवाजाची सरासरी पातळी वाढवण्यासाठी चढउतार दाबलेले असतात, आणि अशी आवृत्ती कितीही चांगल्या डॅकवर सपाटच वाजते. शिवाय त्या काळातील काही तबकड्यांवर वरचे स्वर मुद्दाम उंचावून ठेवलेले असत आणि तशी खूणही तबकडीवरच नोंदवलेली असे. ती खूण वाचून प्लेअर ते स्वर पुन्हा खाली आणत असे. अशी तबकडी संगणकावर उतरवून घेताना ती खूण दुर्लक्षित राहिली, तर १० किलोहर्ट्झच्या आसपास साडेसात डेसिबलची वाढ तशीच राहते आणि आवाज कानाला टोचतो. दोष डॅकला लागतो. चूक फाइल बनवतानाच झालेली असते. जुना प्लेअर येथे खरोखरच बरोबर वाजवतो. हे मी मूळ लेखात लिहायला हवे होते.

आकडे आणि कान यांच्यात मी आकड्यांची बाजू घेतो, हा आपला आक्षेप मला पटत नाही, आणि त्याचे कारण माझ्या स्वतःच्या फजितीत आहे. माझ्याकडेही एक जुना प्लेअर होता आणि नव्या डॅकपेक्षा तो अधिक "जिवंत" वाजतो असे मी सहा महिने सर्वांना सांगत होतो. मग एकदा १०० हर्ट्झचा स्थिर सूर असलेली तबकडी तयार केली (साध्या मल्टिमीटरचे एसी मापन उंच स्वरांना भरवशाचे नसते, म्हणून सूर खालचा घेतला) आणि आउटपुटच्या तारेच्या टोकाला मल्टिमीटरच्या सुया टेकवल्या. प्लेअरचे २.१ व्होल्ट आले, डॅकचे १.९. हा फरक एका डेसिबलहूनही कमी आहे. एवढ्या फरकाने आवाज मोठा झाल्याचे कळत नाही. तो अधिक मोकळा, अधिक जवळचा वाटतो. दोन्ही पातळ्या जुळवल्या, धाकट्या भावाला पडद्यामागे तारा बदलायला बसवले आणि वीस वेळा ओळखण्याचा प्रयत्न केला. अकरा उत्तरे बरोबर आली. नाणे उडवून मी यापेक्षा फार वाईट कामगिरी केली नसती. या प्रयोगात निकाल माझ्या कानांनीच दिला. मल्टिमीटरने केवळ दोन्ही पारडी समान केली.

टिकाऊपणाबद्दल आपण जे लिहिले आहे ते अर्धे मान्य आहे. इंटरनेटवर अवलंबून असलेली नवी उपकरणे त्यांच्या अ‍ॅपचा आधार संपला की धडधाकट असूनही निकामी होतात, आणि जुन्या प्लेअरचे झाकण चार स्क्रू काढले की उघडते. पण चाळिशीकडे झुकलेल्या यंत्रातील इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर सुकत जातात, ट्रेचा रबरी बेल्ट सैल पडतो, लेझर क्षीण होतो आणि फिलिप्सच्या त्या काळातील लेझर-यंत्रणा आता तयार होत नाहीत. जुन्या स्पीकरची कुजलेली फोमची कड बदलता येते; संपलेला लेझर मात्र दुसऱ्या मृत प्लेअरमधूनच काढावा लागतो. म्हणून माझी शिफारस कायम आहे, फक्त तिच्यात "साध्या यूएसबी आणि ऑप्टिकल जोडणीचा, अ‍ॅपवाचून चालणारा डॅक" एवढी भर घालतो.

एक विनंती. आपल्या प्लेअरच्या मागे डिजिटल आउटपुटचा जॅक आहे का, ते पाहावे. असल्यास त्यातून नव्या डॅकला तार जोडावी, म्हणजे तीच तबकडी, त्याच क्षणी, दोन्ही मार्गांनी अ‍ॅम्प्लिफायरपर्यंत पोहोचेल. जॅक नमुने वाढवणाऱ्या चिपवरच अवलंबून असेल तर ती काढल्यामुळे तो मुका झालेला असू शकतो. तसे असल्यास ज्यांनी चिप काढली त्यांनाच जोडणीबद्दल विचारावे लागेल. दोन्हींची पातळी मल्टिमीटरने जुळवावी, तारा दुसऱ्या कोणाला तरी बदलायला सांगावे आणि वीसपैकी किती वेळा ओळखता आले ते कळवावे. सोळा किंवा त्याहून अधिक आले, तर ती चिप काढलेला प्लेअर मला स्वतः ऐकायला आवडेल.