विशारदांविषयी आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

संगीतोपचारावरच्या माझ्या लेखात मी लिहिले होते की विशारदांनाही या कामासाठी वेगळे शिक्षण लागते. त्यावर आपण लिहिता, “संगीतोपचारासाठी वेगळी पदवी आणि बाराशे तासांचा सराव लागतो असे सांगणे म्हणजे आयुष्यभर साधना केलेल्या विशारदांना अडाणी ठरवणे, हे परदेशी स्तोम पेठेतल्या बाईने आम्हाला शिकवू नये.” मतभेदाचे मला वाईट वाटले नाही, ‘पेठेतल्या बाईने’ या शब्दांचे वाटले. होय, मी सोलापुरात साखर पेठेतच वाढले. वडील गिरणीतली पाळी संपवून आले की मला पेटीवर बसवत. त्यात मला कमीपणा वाटत नाही आणि आपणही तो मानू नये.

एक चूक मान्य करते. त्या लेखात अमेरिकन म्युझिक थेरपी असोसिएशन या अमेरिकेतल्या संगीतोपचारकांच्या संस्थेची स्थापना मी १९५० ची लिहिली होती. ती तिच्या पूर्वसंस्थेची आहे. आजची संस्था १९९८ मध्ये दोन संस्था एकत्र येऊन झाली.

विशारदांना मी अडाणी कुठे म्हटले, ते दाखवा. मी स्वतः विशारद आहे, प्रारंभिकपासूनच्या सातही परीक्षा दिल्या आहेत. राग, ताल, बंदिशी, स्वरलिपी हे सारे शिकले. पण आजारी माणसासमोर काय गावे आणि कधी थांबावे, हे त्या अभ्यासक्रमात नव्हते, असण्याचे कारणही नव्हते. बारा वर्षांपूर्वी मी एका वृद्धाश्रमात दर गुरुवारी पेटी घेऊन जात असे. तिथल्या एका आजोबांची पक्षाघाताने वाचा गेली होती. मी अभंग सुरू केला, तसा त्यांनी डाव्या हाताने चादरीचा काठ मुठीत आवळला आणि त्यांना धाप लागली. ते तल्लीन झाले आहेत असे समजून मी आवाज आणखी चढवला. आजींना नेताना तोच अभंग म्हटला होता, हे त्यांच्या सुनेने मला नंतर सांगितले. मी आधी कुणालाच काही विचारले नव्हते.

अमेरिकेतल्या पदवीत हे विचारणेच शिकवतात: आधी रुग्णाचे मूल्यमापन, मग उद्दिष्ट, मग प्रत्येक सत्राची नोंद. मानसशास्त्र आणि शरीररचना असतेच. त्या बाराशे तासांपैकी किमान ९०० इंटर्नशिपचे असतात आणि त्यानंतर प्रमाणन मंडळाची परीक्षा असते. गायन, पियानो आणि गिटार यांची तयारी तिथेही लागते, म्हणजे साधना कुणी नाकारलेली नाही; तुम्ही लेख शेवटपर्यंत वाचला असता तर हे दिसले असते. वाचा गेलेल्या रुग्णाला डाव्या हाताने ठेका धरायला लावून छोटी वाक्ये सुरावर म्हणवून घेण्याची पद्धत बोस्टनमध्ये १९७० च्या दशकात तयार झाली. त्या आजोबांचा डावा हात माझ्यासमोर होता आणि मला त्याचे काय करायचे ते ठाऊक नव्हते.

शुल्क आणि रागांच्या वेळा यांविषयी आपण बरेच लिहिले आहे. त्यात मी शिरत नाही. मूळ लेखातले साल आज दुरुस्त केले आहे. विशारदांविषयीचे वाक्य मात्र तसेच ठेवले आहे.