राजीनामा देताय? मग कागद अजिबात सांभाळू नका

ठरलं ना सोडायचं? छान. आता बाकीचं एचआरवर सोपवा आणि निवांत व्हा, कंपनी म्हणजे कुटुंब हे तुम्ही दरवर्षी टाऊनहॉल मीटिंगमध्ये ऐकलंयच, आणि घरच्यांकडे कोणी पावत्या मागतं का?

राजीनामा शक्यतो तोंडी द्या. मॅनेजरला टपरीवर गाठायचं, "सर, जरा बोलायचं होतं" म्हणायचं, झालं. मेल केला की तारीख पडते, तारीख पडली की नोटीस पिरियडचे ९० दिवस तिथून मोजायला लागतात, आणि मग "अरे, तू सिरियस आहेस असं वाटलंच नाही मला" म्हणायची त्याची सोय जाते. ९० दिवस कशाला, असा वादही घालू नका. नव्या कंपनीला तुम्ही पंधरा दिवसांत हवे असता, आणि तिथे जॉइन झालात की त्यांच्याही लेटरमध्ये नोटीस पिरियड ९० दिवसच असतो, नीट वाचा.

मग येतो नो ड्यूजचा फॉर्म. हिंजवडीला इतकी वर्षं ट्रॅफिक खात स्वतःच्या ॲक्टिव्हावर आलात तरी ट्रान्सपोर्टवाल्यांची सही लागते, की तुमच्याकडे बसचं काही बाकी नाही म्हणून. लायब्ररीचीही लागते. ऑफिसात लायब्ररी आहे हे बऱ्याच जणांना त्या दिवशीच कळतं, आणि ती सांभाळणारा नेमका गावाला गेलेला असतो. लॅपटॉप जमा करताना मात्र पावती मागून आयटीच्या पोराला लाजवू नका. तो मान वर न करता "ठेवा तिकडे" म्हणेल, तिकडे आधीच सात-आठ लॅपटॉप एकावर एक रचलेले असतील, चार्जरच्या वायरी एकमेकांत गुंतलेल्या, कुठला कोणाचा देवाला ठाऊक. ठेवा आणि निघा. पुढे सेटलमेंटच्या शीटमध्ये "ॲसेट रिकव्हरी" नावाची ओळ दिसली आणि चार्जरचे पैसे कापलेले दिसले तर मोठ्या मनाने सोडून द्या.

सॅलरी स्लिपा डाउनलोड करून ठेवायची घाई तर मुळीच नको. शेवटच्या दिवशी संध्याकाळी लॉगिन बंद होतं, मग नव्या कंपनीने मागच्या तीन महिन्यांच्या स्लिपा मागितल्या की जुन्या ऑफिसला मेल करायचा, ते उत्तर देतात की पोर्टलवर आहेत. फॉर्म १६, म्हणजे पगारातून कापलेल्या टॅक्सचा दाखला, तोही तसाच, १५ जूनपर्यंत द्यायचा असतो आणि ते देतातही अगदी वेळेवर, फक्त तुमच्या ऑफिसच्या मेलवर, जो त्यांनीच बंद केलाय.

आता पैशांचं. फुल अँड फायनल, म्हणजे शेवटचा सगळा हिशोब, ४५ दिवसांत होईल असं सांगतात, ते ऐकून मान डोलवायची. वेतन संहिता, २०१९ नावाचा एक कायदा आहे, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागूही झालाय, त्यात राजीनामा दिलेल्याचा पगारसुद्धा दोन कामकाजाच्या दिवसांत चुकता करा असं लिहिलंय म्हणे. हे चुकूनही मेलमध्ये टाकू नका, त्यांनी ४५ दिवसांचं टेम्प्लेट केवढ्या मेहनतीने बनवलंय. पाच वर्षं झाली असतील तर ग्रॅच्युइटीही मिळते, वर्षाला पंधरा दिवसांच्या पगाराच्या हिशोबाने, आणि ती तीस दिवसांत द्यायची असते. तुम्ही आठवण नाही केलीत तर ऑफिसातलं वातावरण किती खेळीमेळीचं राहतं बघा.

पीएफचं तर बघूच नका. कंपनीने तुमची सोडल्याची तारीख ईपीएफओच्या पोर्टलवर टाकली नाही तर ट्रान्सफर अडकतं, अडकू द्या. शेवटचं काँट्रिब्युशन पडून दोन महिने झाले की यूएएनने, म्हणजे आपल्या पीएफच्या नंबरने, लॉगिन करून, आधारचा ओटीपी टाकून ती तारीख आपली आपल्यालाच टाकता येते, पण मग पेरोलवाल्यांच्या मागे लागून "सर, एवढं बघता का" म्हणण्यातली मजा गेली ना.

राहता राहिला एक्झिट इंटरव्ह्यू. मोकळेपणाने बोला, हे गोपनीय आहे, असं ती एचआरची पोरगी खूप गोड सांगते. मॅनेजरबद्दल जे काय साठलंय ते सगळं मराठीतून सुनावायची इच्छा होईल, साहजिक आहे. तर त्याआधी फक्त एवढंच बघा, रिलिव्हिंग लेटर, म्हणजे कंपनीने मोकळं केल्याचं पत्र, हातात आलंय का? नसेल आलं तर सोडायच्या कारणात "वैयक्तिक" लिहा, सुचवण्यांच्या रकान्यात कँटीनच्या पोह्यांत शेंगदाणे वाढवा म्हणून लिहा, आणि खाली सही ठोका.